थेंबामागची नदी

गाडीखाली रोज रात्री मी एक जुना पेपर अंथरतो आणि सकाळी चहाचं आधण ठेवून तो वाचायला जातो. बातम्या शिळ्या असतात, डाग ताजा असतो. ही सवय मूळची काकांची. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं दोन गाळ्यांचं गॅरेज होतं आणि तिथे मुख्यतः अँबॅसिडर यायच्या. इंजिन बांधून झालं, गाडी एक फेरी मारून आली, की काका तिच्या पोटाखाली पेपर सरकवायचे. मालक चावीसाठी हात पुढे करायचा, तेव्हा म्हणायचे, "उद्या या. पेपर वाचल्याबिगर मी गाडी सोडत न्हाई." दुसऱ्या दिवशी उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून ते खरोखरच वाचत. काळा डाग इंजिनाचा, उग्र वासाचा गिअरबॉक्सचा, पाण्यासारखा पसरलेला ब्रेकचा. एकदा मी विचारलं, "काका, आज काय छापलंय?" ते म्हणाले, "काल काय झालं ते. पेपरात दुसरं काय असतंय?"

मी आता इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात राहतो. घरामागच्या विटांच्या गॅरेजात एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, साठच्या दशकातली. ती कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही. घरातल्या वयस्कर माणसाच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलताना त्याच्या घराण्याचं नाव घेऊ नये, एवढा संकोच मला आहे. शिवाय दुखणं एकट्या तिचं नव्हे, त्या पिढीचं आहे. अकरा वर्षं ती माझ्याकडे आहे आणि अकरा वर्षं ती इंजिनाचं ऑइल गाळते आहे. दुरुस्त केली की थांबते, आणि मी निर्धास्त झालो की पुन्हा सुरू होते.

काकांच्या अँबॅसिडर आणि इथल्या या छानछोकी गाड्या यांच्यातलं नातं वाटतं तितकं लांबचं नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ साली एमजीए या देखण्या टू-सीटरमध्ये आलं. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन पुढे बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं बसत राहिलं. घराण्याची दुसरी पाती १७९८ सीसीची होऊन १९६२ साली एमजीबीत गेली आणि एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद होईपर्यंत तिथल्या गाड्यांत बसत राहिली. एक भाऊ जिल्हाधिकाऱ्यांना घेऊन धुळीतून फिरला, दुसरा रविवारी दुपारी इंग्लंडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मिरवला. इथे पहिल्यांदा असं बॉनेट उघडून आत डोकावलो तेव्हा मला परक्या देशात कोल्हापूरचा माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

पाण्याची टंचाई पाहिलेली भाषा म्हणून की काय, मराठीने द्रव निसटण्याच्या तऱ्हा फार बारकाईने निवडून ठेवल्या आहेत. छप्पर गळतं, नळ ठिबकतो, माठ पाझरतो, भिंतीत ओल झिरपते, कपाळावरून घाम ओघळतो, धुतलेली भाजी निथळते. गॅरेजमधल्या मराठीने त्यात आपली भर घातली आहे. तिथे पॅकिंग ऑइल 'सोडतं', इंजिन ऑइल 'मारतं', सील ऑइल 'फेकतं'. यातला प्रत्येक शब्द म्हणजे अर्धं निदान आहे. काकांचा हिशेब साधा होता. पाझरत असेल तर पुसा, ठिबकत असेल तर शोधा, फेकत असेल तर गाडी उभी करा. मी मात्र अनेक वर्षं या तिन्हींना मिळून 'लीकेज' म्हणत होतो, आणि एका शब्दात सगळं बसवलं की उपायही एकच सुचतो: बंद करा.

आधी नुकसानीचा हिशेब मांडायला हवा, कारण डाग फार खोटं बोलतो. वीसेक थेंबांचा एक मिलिलीटर होतो. माझ्या गाडीखाली वाईटात वाईट काळात रात्रीला दहा थेंब पडत. म्हणजे अर्धा मिलिलीटर. वर्षाला दोनशे मिलिलीटरच्या आत. एवढं ऑइल जुनं इंजिन पिस्टनच्या रिंगांवरून चाटून जाळून टाकतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण जळालेलं दिसत नाही. सांडलेलं दिसतं. तेलाचा स्वभावच पसरण्याचा आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनवरच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं तर वाऱ्याने उठलेल्या लाटा शांत होत होत सुमारे अर्ध्या एकराचं पाणी आरशासारखं झालं. १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे लिहून ठेवलं. चमचाभर तेल अर्धा एकर व्यापतं, तर दहा थेंबांनी माझी रात्रीची झोप व्यापली यात नवल नाही. इंजिनाला त्या गळतीने काही झालं नव्हतं. झालं होतं ते मला.

पण प्रश्न किती गळतं याचा नव्हता. पुन्हा का गळतं, हा होता. त्याचं उत्तर शोधताना सील या वस्तूविषयी माझी समजूत पहिल्यांदा मोडली.

इंजिनाच्या आत क्रँकशाफ्ट फिरतो आणि त्याचं मागचं टोक बाहेर येऊन फ्लायव्हीलला धरतं. आत ऑइलचा वर्षाव चाललेला असतो, बाहेर कोरडा क्लच असतो. मधून एक फिरणारा दांडा आरपार जातो. अशा ठिकाणी दार कसं लावणार? जुन्या ब्रिटिश इंजिनांनी दार लावलंच नाही. एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्यांचं १२५० सीसीचं इंजिन असो की सुरुवातीच्या एमजीबीचं तीन बेअरिंगांचं, त्यांच्या क्रँकच्या मागच्या टोकावर उलट्या आट्यांचा पेच कोरलेला असे. दांडा फिरला की ते आटे बाहेर निघालेल्या ऑइलला ओढून परत आत ढकलत. शेतात पाणी चढवणारा आर्किमिडीजचा स्क्रू आठवावा. दांडा आणि भोवतालची भिंत एकमेकांना कुठेही टेकत नाहीत, मध्ये केसाएवढी मोकळी फट असते. या रचनेतली गंमत अशी की गाडी चालू असेतो ती ऑइल अडवते आणि गाडी थांबली की अडवायचं सोडून देते. म्हणून या गाड्या रस्त्यावर कोरड्या आणि गॅरेजात ओल्या.

नंतरच्या गाड्यांत रबराच्या ओठाचं सील आलं. त्याआधी अशी सीलं चामड्याचीही असत. मला वाटायचं, हे तरी खरं दार असेल. रबर दांड्याला घट्ट चिकटून बसत असेल आणि ऑइल बाहेर येऊच देत नसेल. तसं नाही. चांगल्या सीलचा ओठ दांड्याला टेकतच नाही म्हणावं लागेल. दोघांच्या मध्ये मायक्रॉनच्या मापातला ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. इंग्लंडमध्ये ई. टी. जॅगर या संशोधकाने १९५७ साली हे मांडलं. हा पापुद्रा नसेल तर घर्षणाने रबर जळून कडक होईल आणि काही तासांत सील संपेल. मग ऑइल बाहेर का येत नाही? कारण ओठाचा ऑइलकडचा उतार तीव्र आणि हवेकडचा सौम्य ठेवलेला असतो, आणि त्या विषम रचनेमुळे फिरणाऱ्या दांड्यावर रबराचे सूक्ष्म उंचवटे ऑइलला सतत आत ढकलत राहतात. प्रयोगशाळेत सीलच्या बाहेरच्या बाजूला ऑइल लावलं तर निरोगी सील ते ओढून आत घेतं.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ गॅरेजात बसून होतो. ज्याला मी अडसर समजत होतो ती क्रिया निघाली. सील बंद करत नाही, परत पाठवतं. ज्याला अडवायचं त्याच्याच पातळ थरावर ते जगतं. पूर्ण कोरडं सील लवकरच मरतं. गळती म्हणजे दार उघडं राहणं, ही माझी कल्पना चुकीची होती. जाणं आणि परत येणं यांचा तोल ढळला की गळती. आपल्याकडे 'संयम' या शब्दाचा अर्थही आपण असाच चुकीचा लावतो. मन गच्च बंद करून बसलेला माणूस आपल्याला संयमी वाटतो. वास्तविक ज्याचं मन बाहेर जातं आणि दर वेळी वळून परत येतं तो संयमी. गच्च बंद केलेला ओठ कोरडा पडतो, तडकतो, आणि मग जे बाहेर येतं ते थेंबाच्या मापाचं नसतं.

आता शोधाची कथा. तीत माझी फजिती आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. थेंब मागे, गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बेल हौसिंगखाली पडत होते. तेव्हा गुन्हेगार मागचं क्रँक सील, हे उघड होतं. पण ते सील बदलायचं म्हणजे सगळं इंजिन उतरवायचं. मनगटाएवढ्या रबरी कड्यासाठी दीड माणसाच्या वजनाचं लोखंड साखळीवर टांगायचं. म्हणून मी आधी सोप्या जागा करून पाहिल्या. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. बाजूच्या झाकणांची कॉर्कची पॅकिंगं बदलली. पुढचं टायमिंग कव्हरचं सील बदललं. दर वेळी महिनाभर पेपर कोरडा, मग पुन्हा छपाई सुरू.

या सोप्या जागांनीही धडे दिले. कॉर्कचं पॅकिंग गळतं म्हटल्यावर मी बोल्ट आवळले. अधिक गळलं. आणखी आवळले. कॉर्क ही ओक जातीच्या एका झाडाची साल. पोर्तुगालमध्ये ती नऊ-नऊ वर्षांनी सोलून काढतात. दाबली तर ती बाजूला न फुगता जागच्या जागी दबते, म्हणून पॅकिंगला उत्तम. पण तिला मर्यादा आहे, आणि तिच्यावरचं झाकण पातळ पत्र्याचं असतं. जादा आवळलं की बोल्टाखालचा पत्रा आत वाकतो आणि दोन बोल्टांच्या मधला भाग उचलला जातो. म्हणजे माझ्याच ताकदीने मी फट तयार करत होतो. काकांच्या गॅरेजात नव्या पोराला पहिले काही महिने पाना आवळू देत नसत, फक्त सोडवू देत. त्याचं कारण मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. शेवटी झाकण सोडून, लाकडी ठोकळ्यावर धरून, हलक्या हातोडीने मी पत्रा सरळ केला आणि बोटांनी बसेल एवढंच बसवून पाव फेरा दिला. ते झाकण आजवर गळलेलं नाही.

मागचा थेंब मात्र तसाच. अखेर एका हिवाळ्यात इंजिन उतरवलं. सील काढलं तेव्हा दांड्यावर, जिथे रबराचा ओठ टेकत होता तिथे, नखाला लागेल अशी खाच पडलेली दिसली. रबराने पोलाद खाल्लं होतं. आडाच्या काठाचा दगड दोराने झिजलेला मी लहानपणी पाहिला होता, पण तिथे निदान दोर रोज पाण्याने भरलेली घागर ओढत होता. इथेही गुपित तेच: दोर एकटा दगड झिजवत नाही, दोरात रुतलेली वाळू झिजवते. रबरात धुळीचे कण रुतून बसतात आणि मऊ ओठाची कानस होते. दांड्यावर पोलादाची पातळ बाही चढवून, नवं सील बसवून इंजिन पुन्हा बांधलं. त्या रात्री पेपर अंथरताना मी काकांसारखा उकिडवा बसलो होतो. सहा आठवडे पेपर कोरा राहिला. सातव्या आठवड्यात डाग परत आला, तोच, तिथेच.

अशा वेळी माणूस एक तर गाडी विकतो किंवा जुन्या पुस्तकांकडे वळतो. मी दुसरं केलं. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यातल्या 'शेषवत्' अनुमानाचं, म्हणजे कार्यावरून कारण ओळखण्याचं, वात्स्यायनाने भाष्यात दिलेलं उदाहरण नदीचं आहे. नदी दुथडी भरून, वेगाने, गढूळ वाहताना दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण ओळखतो. कॉलेजात वाचलं तेव्हा हे उदाहरण बाळबोध वाटलं होतं. गाडीखाली झोपून वर पाहिल्यावर ते बाळबोध वाटेना. थेंब हा पूर आहे. पाऊस कुठे झाला ते वर बघायचं. वारा पुढून मागे वाहतो, ऑइल वरून खाली येतं, कडांना धरून चालतं आणि जिथे कड संपते तिथे पडतं. मागच्या टोकाला पडणारा थेंब पुढच्या टोकाला जन्मलेला असू शकतो. म्हणून मेकॅनिक आधी इंजिन धुऊन लख्ख करतात, मग त्यावर पांढरी पावडर मारतात किंवा ऑइलमध्ये निळ्या दिव्याखाली चमकणारा रंग घालतात, म्हणजे नदीचं पात्र उगमापर्यंत दिसतं.

पण न्यायसूत्रांचा खरा उपयोग मला पुढे झाला. दुसऱ्या अध्यायात एक प्रतिपक्षी उठून म्हणतो की असलं अनुमान प्रमाण मानताच येत नाही. कारण नदी पावसाशिवायही फुगते. पुढे प्रवाह अडला, त्याला 'रोध' झाला, तरी पाणी तुंबून पात्र भरतं. मग भरलेल्या नदीवरून पावसाचं अनुमान कसं करता? यावर सिद्धान्ती उत्तर देतो की नुसतं भरलेलं पात्र ही खूण नव्हेच. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यात फळं, पानं, लाकडं वाहत येतात. तुंबलेल्या पाण्याची लक्षणं निराळी. चूक अनुमानाची नाही, अर्धवट पाहणाऱ्याची आहे.

रोध! अकरा वर्षं मी पाऊस शोधत होतो. नदी तुंबलेली असेल हे मनातच आलं नव्हतं.

इंजिन श्वास घेतं. म्हणजे कार्ब्युरेटरमधून हवा ओढतं तो श्वास नव्हे. त्याच्या पोटातला दुसरा एक श्वास असतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चालतं तेव्हा सेकंदाला शंभर स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोटातला थोडासा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायला वाट लागते. त्या वाटेचं नाव ब्रीदर. पूर्वी ती साधी नळी असे, तोंड रस्त्याकडे उघडं. साठच्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या धुरक्याचं निमित्त होऊन, हा वायू परत ओढून इंजिनातच जाळायची पद्धत आली आणि नळीच्या वाटेत जाळ्या, झडपा बसल्या. माझ्या इंजिनात ती वाट बाजूच्या झाकणातल्या तारेच्या जाळीतून जाते. साठ वर्षांच्या काजळीने ती जाळी डांबरासारखी भरून गेली होती. वायू कोंडत होता, आतला दाब वाढत होता, आणि दाबलेलं ऑइल जिथे कमकुवत जागा मिळेल तिथून बाहेर पडत होतं. मी एक जागा बुजवली की ते दुसरी शोधत होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं इतकी वर्षं चाललं होतं. आणि इंजिनाचं म्हणाल तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

लक्षणं सगळी समोर होती. एकच सील खराब असतं तर एकाच जागेहून गळायला हवं होतं. इथे चार सांधे एकाच वेळी ओले होते. काकांची एक परीक्षा आठवली. इंजिन सुरू ठेवून ते वरची ऑइलची टोपी काढत आणि त्या तोंडावर पेपरचा एक कपटा धरत. कपटा हलकेच आत ओढला गेला तर ठीक, बाहेर उडाला तर मालकाला म्हणत, "सील ऱ्हाऊ दे. आधी हिचं नाक मोकळं करूया." चरकसंहितेत सूत्रस्थानातला एक अख्खा अध्याय शरीराचे वेग दाबून धरू नयेत यावर आहे. शिंक, जांभई, श्रमानंतरची धाप असे तेरा वेग त्यात मोजले आहेत आणि ते अडवल्याने होणारे विकारही. काकांनी चरक वाचला नव्हता. धापा टाकणाऱ्या गाड्या मात्र पुष्कळ ऐकल्या होत्या.

मी कपटा धरला. तो उडून माझ्या चष्म्यावर बसला.

जाळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, घासून, फुंकून साफ केली. नळ्या बदलल्या. पेपरवरचे दहा थेंब दोनावर आले, आणि मुळात धडधाकट असलेली जी सीलं मी मोठ्या अभिमानाने बदलली होती, ती मनातल्या मनात मला हसली असतील.

उरलेले दोन थेंब मी शोधायचे सोडले आहेत, आणि इथे एक सावधगिरीची गोष्ट बोलायला हवी. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मालकांत एक विनोद फिरतो, की गाडी गळत नसेल तर तिच्यात ऑइल नसेल. विनोद म्हणून तो ठीक आहे, पण त्याच्या आडोशाला आळस फार सुखाने राहतो. या देशात दरवर्षी गाड्यांची एमओटी नावाची तपासणी होते. मे २०१८पासूनच्या नियमांनुसार पाच मिनिटांत पंचाहत्तर मिलिमीटरहून रुंद थारोळं करणारी गाडी नापास करता येते. आणि त्याच महिन्यापासून, मोठे फेरफार न झालेल्या चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली. माझी गाडी त्यात बसते. म्हणजे जिला तपासणीची सर्वांत जास्त गरज तिला कायद्याने मोकळं सोडलं, आणि परीक्षकाची खुर्ची माझ्याकडे आली. पावसाळी वळणावर पडलेलं माझं ऑइल उद्या एखाद्या मोटरसायकलवाल्याच्या चाकाखाली येणार आहे. त्याला माझ्या विनोदाशी आणि न्यायसूत्रांशी काही देणंघेणं नाही. पाझर स्वीकारायचा तो आपल्या अंगणातला. दुसऱ्याच्या वाटेवरचा स्वीकारायचा आपल्याला अधिकार नाही.

मग किती थांबवायचं आणि किती सोडायचं? त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बेल हौसिंगच्या तळाशी एक भोक ठेवलेलं असतं आणि त्या भोकात एक स्प्लिट पिन सैल अडकवलेली असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी बोल्ट लावायचा विसरलं. तो विसर नसतो. मागून थोडं ऑइल येणारच, हे आखणाऱ्याने गृहीत धरलेलं आहे. ते आत साठलं तर क्लच प्लेटवर जाईल आणि गाडी ओढणार नाही. म्हणून त्याला खाली जायला वाट. आणि वाट चिखलाने बुजू नये म्हणून गाडीच्या हादऱ्याने सतत हलणारी ती पिन. आपली रचना अपुरी आहे हे ओळखून त्या अपुरेपणाची सोय करून ठेवणारा, आणि सोयही तुंबेल म्हणून तिच्यात एक हलती काडी अडकवणारा तो अनामिक ड्राफ्ट्समन मला मोठा विचारवंत वाटतो.

मी ज्या मुलखात वाढलो तिथे तर गळणं हे तळ्याचं कामच असतं. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर महाराष्ट्रात जागोजाग पाझर तलाव बांधले गेले. त्यांच्यात पाणी साठून राहिलं तर ते फसले. जमिनीत मुरून खालच्या शिवारातल्या विहिरींना उतरलं तर साधले. उन्हाळ्यात कोरडा पडलेला पाझर तलाव पाहून पाहुणे हळहळतात, गावकरी विहिरीत डोकावून पाहतात. गळतीला बरं-वाईट ठरवणारी गोष्ट भिंतीत नसते. पाणी पुढे कुठे जातं, यात असते. क्लचवर गेलं तर घात, रस्त्यावर गेलं तर अपराध, भोकातून खाली ठेवलेल्या पत्र्याच्या थाळीत गेलं तर नुसती नोंद.

काका जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. शेवटच्या वर्षी मी गेलो तेव्हा त्यांना चालताना दम लागत होता. डॉक्टरांनी पाय सुजण्यावर गोळ्या दिल्या होत्या आणि दोन महिन्यांनी कळलं की कारण पायात नव्हतंच, छातीत होतं. ते हसून म्हणाले होते, "थेंब खाली पडतोय म्हणून खालीच बघत बसले." तेव्हा मला त्यातला अर्थ नीट कळला नव्हता. मी त्यांच्या पायांना तेल चोळत बसलो होतो.

परवा फेब्रुवारीतला कोरडा रविवार मिळाला. तीन महिने उभी असलेली गाडी बाहेर काढली. उभ्या गाडीची सीलं वाळतात, त्यांच्या ओठांना ऑइल लागलं पाहिजे. वीसेक मैल फिरवून आणली. इंजिन बंद केल्यावर तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करत राहिलं. टोपी काढून मी सवयीने कपटा धरला असता, पण आता इंजिन बंद होतं. हातात तो कपटा तसाच राहिला. गाडीच्या पोटाखाली पेपर सरकवला आणि दिवा मालवला. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, गळती थांबली का. मी म्हटलं, उद्या सांगतो. आजचा पेपर अजून छापून व्हायचाय.